तोडणकर सरांची अढी

देवळात प्रसादाची खडीसाखर हातावर पडली की तुम्ही-आम्ही काय करतो? डोळे मिटतो आणि तोंडात टाकतो. आमचे तोडणकर सर तसं करीत नसत. ते खडा चिमटीत धरीत, समईच्या दिशेनं उंच करीत, एक डोळा मिटून तो असा फिरवीत, तसा फिरवीत, आणि मागची सगळी रांग खोळंबून ठेवीत. मग निकाल लागे. खडा वाईट निघाला तर तोंडात, चांगला निघाला तर सदऱ्याच्या खिशात. एकदा पुजारी वैतागून म्हणाला, "सर, परसाद हाय तो, हिरा नाय!" तर सर शांतपणे म्हणाले, "हिऱ्यात काय आहे? ह्याला जे जमतं ते हिऱ्याला जमत नाही."

या खिशाचा परिणाम असा की सरांच्या अंगावर बारमाही मुंग्या. वर्गात प्रकाशाचं वक्रीभवन शिकवता शिकवता ते मध्येच छातीवर चापट मारून घेत. नव्या मुलांना वाटे, सर विषयात फारच रंगले आहेत.

मी त्याच कॉलेजात, रत्नागिरीत, हेडक्लार्क होतो. रेडीज माझं नाव, पण सगळे भाऊ म्हणत. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. कॉलेजात टाइपरायटर दोन, त्यातल्या एकाचा 'क' उडालेला, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला. अर्ज आला की आधी तो परत करायचा आणि मग वाचायचा, अशी माझी पद्धत होती. कुणी काही म्हणो, त्यामुळे कॉलेज नीट चालत होतं.

तोडणकर सर पदार्थविज्ञानाचे. मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे, घर मासेमारीचं. वडील लवकर गेले तेव्हा थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन त्यांना एम.एस्सी. केलं. सरांना नोकरी लागल्यावर ती इथे त्यांच्याकडे आली. सरांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, "कोन जुळला नाही." मी समजलो, गुण म्हणायचं असेल, जीभ घसरली. पण नाही. त्यांना कोनच म्हणायचा होता.

कारण सरांना वेड होतं स्फटिकांचं. साधेसुधे नव्हेत, नॉन-लिनियर स्फटिकांचं. हे प्रकरण काय आहे ते त्यांनी मला पन्नासदा समजावलं आहे, त्यामुळे तुम्हांला एकदा ऐकावंच लागेल.

"भाऊ, हे तुमच्या खिडकीचं तावदान. यात लाल उजेड घातलात तर पलीकडे काय येईल?"

"लाल."

"दुप्पट घातलात?"

"दुप्पट लाल. सर, मला पगारपत्रक करायचंय."

"म्हणजे ते लिनियर. जेवढ्यास तेवढं. पण काही स्फटिक असे असतात की त्यात लेसरचा जबरदस्त झोत घाला, डोळ्याला न दिसणारा, लालाच्याही पलीकडचा, आणि स्फटिक बरोबर कोनात धरा. पलीकडून हिरवा येतो! हिरवागार! आणि इकडून झोत दुप्पट केलात तर तिकडे हिरवा चौपट! हिऱ्याला हे जमत नाही, खडीसाखरेला थोडंफार जमतं!" मग टेबलावर बोट आपटून ठरलेलं वाक्य यायचं, "दिसत नाही म्हणून नाही, असं नव्हे!"

ही फूटपट्टी ते माणसांनाही लावीत. शिपाई लिनियर, एक चहा पाजला की एक काम करतो. प्राचार्य अपारदर्शक, काही घाला, बाहेर काही येत नाही. अक्का मात्र नॉन-लिनियर. "आमटी अळणी आहे" एवढे तीन शब्द घातले की दिवसभर उजेड.

मला त्यांनी कुठे बसवलं तेही सांगतो. सरांनी एकदा अर्ज दिला, प्रयोगशाळेसाठी एक पोतं युरिया आणि चार बाटल्या स्पिरिट हवं. आता मला सांगा, रत्नागिरी जिल्ह्यात एक माणूस खत आणि स्पिरिट एकदम मागतो तेव्हा कुणाच्याही डोक्यात काय येईल? मी अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'हातभट्टीचा संशय'. सर धावत आले. युरियाचा स्फटिक म्हणे या कामाला फार चांगला, जगभर लोक त्याच्या मागे आहेत. मी म्हटलं, जगभर असतील, इथे ते शेतकी खात्याकडे मागा. आणि त्याच दिवशी प्राचार्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा अर्ज, सही नसलेला, मी मुकाट्यानं पुढे सरकवला. ते सरांनी बघितलं.

"भाऊ," ते आनंदानं म्हणाले, "लेसरमध्ये एक विशिष्ट रंगद्रव्य घालतात. कमजोर उजेड आला की ते गिळून टाकतं. जबर झोत आला की गप्प बाजूला होतं. म्हणूनच तर त्या लेसरचे इतके बारीक ठोके पडतात, सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार करा, एवढे बारीक. तुम्ही तसले आहात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे मी गरिबाला अडवतो आणि मोठ्याला सोडतो?"

"अहो, रागावता काय! त्याच्यावाचून तो लेसर चालत नाही!"

तारीफ केली की शिवी दिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण युरिया मिळाला त्यांना. तो स्फटिक जून महिन्यात कोकणच्या हवेला पाणी सुटून बशीत विरघळला ते सोडा. मग त्यांनी केडीपी नावाचं काढलं. मला वाटलं खेड-दापोली-पालगड गाडी. तर तो पोटॅशियमचा एक क्षार निघाला. पाण्यात विरघळवायचा, त्याचा तांदळाएवढा खडा दोऱ्याला बांधून बरणीत सोडायचा, आणि वाट बघायची. तो हळूहळू वाढतो. धक्का लागता कामा नये, आणि गरम-थंड होता कामा नये.

कॉलेजात दिवसातून दोनदा वीज जायची, म्हणून बरणी घरी. आणि बरणी घरी म्हणून त्यांच्या घरी जायची सोय राहिली नाही. दारातच सर हात वर करून उभे. "हळू. टाचा टेकू नका. हसू नका. बसताना खुर्ची ओढू नका." वर ज्ञानाचा डोस वेगळा. मुंबईहून कुणीतरी त्यांना काचेची एक तार पाठवली होती, केसासारखी बारीक. "भाऊ, उद्या अख्खा लेसर या केसात मावणार आहे!" म्हणून त्यांनी ती महिनाभर सगळ्या रत्नागिरीला दाखवली. शेवटी अक्कानं ती जेवणातला केस समजून चुलीत टाकली. लोक सुटले. पण एकूण लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं ते सोडलंच. मीही त्यातलाच. अकरा वर्षांत मी त्यांच्या अंगणात दोनदा उभा राहिलो असेन, तेही सायकल हातात धरून.

त्या वर्षी मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. मे महिन्यात कॉलेजात शिक्षकांचं शिबिर होतं, तिथे ते लेसर घेऊन येणार होते. त्यांनी सरांना लिहिलं होतं, अंगठ्याएवढा निर्दोष स्फटिक दाखवा, हिरवा उजेड येऊ द्या, म्हणजे पुढलं वर्षभर तुम्हांला आमच्याकडे कामाला बोलावून घेतो. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचत असताना स्वतः पुन्हा माझ्या खांद्यावरून वाचलं. बेचाळिशीचा माणूस, कान लाल झाले होते त्यांचे.

शिमगा झाल्यावर बरणी लागली. पण एप्रिलात दिवसा उकाडा आणि पहाटे गारवा, खडा बिघडायला लागला. सरांनी थर्मामीटर घेऊन अख्खं घर पालथं घातलं. माळा झाला, न्हाणीघर झालं, तांदळाची कणगी झाली. शेवटी जागा सापडली ती पडवीतली अक्काची अढी! हापूस पिकायला गवतात घालतात ना, ती. आत सदा सारखी ऊब. अक्कानं आधी नकार दिला. "माज्या आंब्यांत तुजा इख नको." मग डावा कोपरा सरांचा आणि उजवा आंब्यांचा, असा तह झाला. सर कॉलेजात येऊन सांगत, "अढी छान लागलीय." लोक विचारत, "आंबे किती डझन?" सर म्हणत, "एकच आहे. अंगठ्याएवढा झालाय."

आता मी जे केलं ते सांगतो. बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

शिबिराला चार दिवस राहिले होते. एका कागदावर सरांची सही हवी होती, शिपाई रजेवर, म्हणून मीच गेलो. अक्का दारात कोळंबी सोलत होती. "वसंता इहिरीवर गेलाय, येल आता. पडवीत बसा," म्हणाली आणि हात धुवायला मागे गेली. मी टाचा न टेकता आत गेलो. खुर्ची ओढली नाही. हसलो नाही. सगळे नियम पाळले हो! पण पडवीभर हापूसचा असा वास सुटला होता की काय सांगू. कोकणातल्या माणसाचा हात मे महिन्यात त्याच्या ताब्यात नसतो. आपण ज्याच्या घरी जातो त्याच्या अढीत हात घालून एखादा आंबा चाचपून बघतो, तयार असला तर बाहेर काढतो. मामाकडे केलं, आत्याकडे केलं, सासुरवाडीला केलं. तसाच मी वाकलो आणि गवतात हात घातला. डाव्या कोपऱ्यात.

बोटांना गार काच लागली. दचकून हात मागे घेतला, तो बरणीला बसला. आत 'टिक्' असा एवढासा आवाज झाला. गवत बाजूला करून बघितलं तर रिकामा दोरा हलत होता आणि तळाशी तो खडा पडला होता, पाण्यासारखा स्वच्छ, आणि मधोमध एक पांढरी रेघ.

मी काय करावं? सरांना हाक मारावी? छे! मी गवत सारखं केलं, "नंतर येतो हो अक्का" असं ओरडलो, आणि सायकलवर टांग टाकून पळालो. शूर माणूस! दुसऱ्याच्या अर्जात काना चुकला तर परत करणारा!

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात आले. मी मस्टरमधून मान वर केली नाही. ते म्हणाले, "भाऊ, खडा पडला."

"अरेरे," मी म्हटलं. "मांजर असेल."

सरांनी माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाले, "हं. असेल." आणि गेले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी चार दिवस भोगलं. जेवण जाईना. त्यात माझं लाल शाईचं पेन हरवलं, त्याचा राग मी शिपायावर काढला. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, मी रजेवर होतो." लाल पेनाशिवाय मला काही सुचत नसे, मी सगळ्या अर्जांवर पेन्सिलीनं शेरे मारत बसलो. सर जाता-येता ती पेन्सिल बघत.

शिबिराच्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते. दारात मी उभा. 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश नाही' ही पाटी मीच रंगवून घेतलेली. आणि समोरून अक्का आली, नवं नऊवारी नेसून, चपला हातात धरून, टाचा न टेकता. पाटीकडे बघून दाराशी थबकली. "मी हितंच उभी ऱ्हातंय," म्हणाली. मी आत गेलो, प्राचार्यांसाठी ठेवलेली खुर्ची उचलली, पुढच्या रांगेत मांडली आणि तिला बसवलं. अंधारात सरांनी माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं.

सरांनी डबी उघडली. खडा त्या रेघेवर दुभंगला होता. थोरल्या तुकड्यात बारीक तडे होते, म्हणून धाकटा, वाटाण्याहून थोडा मोठा, त्यांनी घासून-पुसून आणला होता. डॉक्टरसाहेबांनी तो चिमट्यात धरला, नाकाशी नेला. "तोडणकर, याला आंब्याचा वास येतोय."

"अढीतला आहे, साहेब."

लेसर सुरू झाला. तो दिसत नाहीच, नुसती टकटक ऐकू येत होती. समोर पांढरा कागद. काही नाही. सर खडा केसभर फिरवत होते. काही नाही. आणखी केसभर. मी कधी नाही ते नवस बोललो, देवा, एवढा एक अर्ज मंजूर कर. आणि कागदावर टपकन् एक हिरवा ठिपका उमटला. अंधारात एवढासा, पण असा हिरवा, भातरोपासारखा कोवळा.

"अगो बाय! काजवा!" अक्का ओरडली. सगळा वर्ग हसला, टाळ्या पडल्या. सर हसतच होते, हसतच होते, आणि छातीवर चापट मारून घेत होते. त्या दिवशी मुंग्या नसाव्यात.

दिवे लागल्यावर डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "कोन सुंदर जुळवलात. पण तोडणकर, तुकडा लहान आहे. आमच्या कामाला अखंड हवा. पुढल्या वर्षी दाखवा, मग बघू." सर म्हणाले, "हो, हो, बघू ना." आणि साहेबांची पेटी उचलायला स्वतः वाकले.

त्या माणसाचं एक वर्ष मी आंब्याच्या वासावर गिळलं होतं. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आणि या खेपेला चालत गेलो. सर पुन्हा विहिरीवरच. अक्का पडवीत आंबे उलटेपालटे करीत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. मांजर नव्हतं, मी होतो.

अक्का उठली, आत गेली आणि फळीवरून काहीतरी घेऊन आली. माझं लाल शाईचं पेन!

"ह्यो तुमचा पेन. त्याच दिशी गावला, गवतात."

"मग... सरांना माहीत होतं?"

"तर! तो बोल्ला, पेन देऊ नको. भाऊ आपणहून येतील तवा दे. आधीच दिलंस तर त्यांस लाज वाटंल."

मी पडवीतच खाली बसलो. "रागावले नाहीत?"

"रागावला की! पयल्या दिशी जेवला नाय मेला. त्या बरणीफुडं बसून व्हता. मंग सकाळी उठला आन् एकटाच हसाय लागला. म्या म्हटलं, वसंता, डोकं फिरलं काय रं? तर बोल्ला, अक्का, अकरा वर्सं झाली आपल्याला हितं. आपल्या अढीत कंदी कुणी हात घातलान्? परक्याच्या अढीत मानूस हात घालतो काय गो? भाऊंनी घातलान्. खडा काय, पुन्यांदा लावू."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं हा माणूस दारात हात वर करून उभा, आणि आम्हांला वाटलं होतं तो आम्हांला अडवतोय.

तेवढ्यात सर आले. हातात दोन कळशा, खिशापाशी मुंग्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं, आणि एकदम लाजून कळशा ठेवायला वळले. मी उठून म्हटलं, "सर, चुकलो. मनात अढी ठेवू नका."

"मनात कशाला, भाऊ?" पाठमोऱ्यानंच ते म्हणाले. "अढी पडवीत आहे. फक्त उजव्या कोपऱ्यात हात घाला. डावीकडे नवा खडा लावलाय."

मी टाचा टेकून चालत गेलो, खाली वाकलो आणि उजव्या कोपऱ्यात हात घातला.